आय वर, वॉश खाली

दिवाळी होऊन आठवडा लोटला तरी पाऊस निरोप घेईना. बदलापूर गावाच्या नदीकडल्या अंगाला ठमाबाईचं पंधरा गुंठे भात कापून आडवं पडलं होतं. त्यावर सोमवारी पाऊस पडला, मंगळवारी पडला, आणि बुधवारी ढग नुसते येऊन कालचं काम बघून गेले. शेताच्या तिन्ही बाजूंना इमारती. त्यातल्या एकीचे फ्लॅट 'खिडकीतून भातशेती' अशी जाहिरात करून विकले होते, त्यामुळे ठमाबाई शेतात वाकली की चार मजल्यांवरची माणसं चहाचे कप घेऊन बाल्कनीत येत. सध्या तिथून भिजलेल्या पेंड्या आणि त्या उलटणारी एक छप्पन्न वर्षांची बाई, एवढंच दिसत होतं.

तिचा नवरा चांगो बांधावर बसून कान देत होता. डोळ्यांकडून काम घेणं त्याने दोन वर्षांमागे सोडलं होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डावा त्याच्या मागोमाग निघालेला. ठमाबाईने पेंडी उलटली की तो आवाज ऐकायचा आणि निकाल द्यायचा.

"वली हाय."

"मना दिसतंय ना."

"तुना दिसतंय, मी आयकतंय. दोघांचा मत एकच परला."

चांगोच्या उजव्या डोळ्याला अठरा नोव्हेंबर ही तारीख मिळाली होती. ती मिळाली ठमाबाईच्या कार्डावर, म्हणजे कामगारांच्या दवाखान्याच्या कार्डावर. ठमाबाई कामावर तर कार्ड चालू, आणि कार्ड चालू तर चांगोचा डोळा चालू, असा तो सरळ हिशेब होता. तिचा कंपनीचा गेटपास पंधरा तारखेला संपत होता. दर वर्षी संपायचा आणि दर वर्षी नवा व्हायचा, एकोणीस वर्षं. या वर्षी पंधरा आणि अठरा या दोन तारखांच्या मधल्या फटीत एक इंग्रजी शब्द येऊन बसला.

ठमाबाई आनंदनगरच्या एमआयडीसीत, कपड्यांच्या रंगाला लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत झाडलोटीला होती. कंपनीची नव्हे, ठेकेदाराची. कंपनीचा माल परदेशी जायचा, आणि ते परदेशी लोक वर्षातून एकदा माणूस पाठवून कंपनी तपासायचे. मागच्या वर्षीच्या तपासणीत त्या माणसाने भावेश नावाच्या पोराला थांबवून विचारलं होतं की आयवॉश कुठे आहे. भावेश घाबरला, पण गप्प बसला नाही. त्याने छाती काढून सांगितलं, "आय वॉज." ते अहवालात असं उतरलं: कामगारास आयवॉश कुठे आहे असे विचारले असता, आपण होतो असे त्याने सांगितले. कुठे होता, हे पुन्हा विचारूनही स्पष्ट झाले नाही.

त्या एका ओळीपायी कंपनीला तीन पत्रं आली. म्हणून या वर्षी नियम निघाला. झाडलोटीच्या चौदा माणसांपैकी ज्याला तो शब्द नीट म्हणता येईल त्याचा पास नवा होईल. ज्याला येणार नाही त्याला तपासणीच्या आधीच घरी बसवायचं, म्हणजे तो काही बोलायला तिथे उरणार नाही.

आयवॉश म्हणजे एक हिरवा खांब. कमरेएवढ्या उंचीवर परातीसारखी वाटी, वाटीत वर तोंड केलेल्या दोन तोट्या आणि खाली पायाने दाबायची पट्टी. डोळ्यात रसायन उडालं की पट्टी दाबायची आणि डोळे त्या पाण्यावर धरायचे. नऊ वर्षांमागे तो खांब बसला तेव्हा ठमाबाईने फिटरला त्याचं नाव विचारलं होतं. फिटरने सांगितलं आणि तिने ऐकलं ते असं: आयवास. तिला नाव लगेच पटलं. खळ्यावर झोडणी चालू असताना लहानपणी डोळ्यात भाताचं कुसळ गेलं की तिची आय धावत यायची. डाव्या हाताने डोकं धरायची, दोन बोटांनी पापणी वर करायची, आणि लोट्याची बारीक धार सोडायची. आयच्या हाताला विळ्याच्या लोखंडाचा वास यायचा. या खांबाच्या पाण्यालाही पहिल्यांदा लोखंडाचाच वास येत होता. आयवास. साहेब लोकांनी एक तरी नाव विचार करून ठेवलं, असं तिला वाटलं होतं.

ते चूक आहे, हे तिला नऊ वर्षांनी गुरुवारी सकाळी सव्वासातला समजलं.

सेफ्टी ऑफिसर जितेश सव्वीस वर्षांचा, अंबरनाथचाच. हेल्मेट तो डबा खातानाही काढत नसे. त्याने चौदा जणांना हिरव्या खांबापुढे ओळीने उभं केलं. तेरा जण दोन दिवसांत तयार झाले. भावेश तर असा तयार झाला की संडासात कुणी आहे का विचारलं तरी आतून "आयवॉश" म्हणू लागला. एकट्या ठमाबाईचं गाडं अडलं. तिच्या तोंडात 'श' नव्हताच. ती सेतात जायची, साळेत कधी गेली नव्हती, आणि सनवारी उपास धरायची.

"मावशी, हा जोडशब्द आहे," जितेश म्हणाला. "दोन शब्द मिळून एक झालेत. मधे थांबायचं नाही. पहिल्यावर जोर, दुसरा आपोआप खाली येतो. आय वर, वॉश खाली. म्हणा."

"आय... वास."

"मधे थांबलात. थांबलात की ते वाक्य होतं. आय, वॉश. म्हणजे मी धुतो."

"मी धुतंयच ना रोज."

जितेशने यावर विचार केला आणि तो मुद्दा मागे टाकला. मग 'श'. त्याने ओठ पुढे काढून दाखवले, ठमाबाईने काढले. शेजारून ड्रम नेणारे लोक थांबले. एकोणीस वर्षांत त्या बाईकडे कुणी एवढं निरखून पाहिलं नव्हतं, आणि आता सगळे पाहत होते ते तिच्या तोंडात. तिच्या वरच्या रांगेतला एक दात नव्हता. आज तो नसल्याचं सगळ्या कंपनीला कळलं. तिने पदर तोंडाला लावला आणि पदराआडून म्हटलं, "आयवास."

कमळाकर हा ठेकेदाराचा सुपरवायझर, राहणारा बुवापाड्याचा, यादी घेऊन उभा होता. तो वाईट नव्हता, फक्त त्याच्या हातात कायम यादी असायची आणि यादी हातात असली की माणसाचा चेहरा जरा बदलतो. तो म्हणाला, "ठमाबाई, तुमच्यापेक्षा आमचा पोपट बरा. दहा तारखेला साहेब येतोय. नऊ तारखेपर्यंत आलं तर आलं, नाय तर मला नाव कापायला लावू नका. मला पण ते कसंतरी होतं."

त्या गुरुवारपासून मोजले तर अकरा दिवस होते.

घरी सुनेने, प्रगतीने, लढाई हातात घेतली. प्रगती बारावी झालेली आणि तिच्या फोनवर तिचा फार विश्वास. ती म्हणाली, "आई, यात बोला. याला समजलं म्हणजे गोऱ्याला पण समजेल. टेन्शन नॉट." ठमाबाईने फोन तोंडाजवळ धरला, मक्याचं कणीस धरतात तसा, आणि शब्द म्हटला. फोनने आधी लग्नाच्या साड्या दाखवल्या. दुसऱ्यांदा त्याने एक प्रश्न विचारला, तो कुणालाच समजला नाही. तिसऱ्यांदा अमेरिकेतल्या आयोवा नावाच्या राज्याचा नकाशा उघडला आणि बदलापूरहून तिकडे जायचा रस्ता सापडत नाही, असं नम्रपणे सांगितलं.

"बसनी किती येल लागंल, इचार त्याला," चांगो कॉटवरून म्हणाला.

रूपेश, मुलगा, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून रात्री आठला आला. त्याने आईला सांगितलं की आमच्या सिंधी शेटला पण इंग्रजी येत नाही, पण तो सगळं इंग्रजीतच विकतो. हे ऐकून घरात कुणाला काही मदत झाली नाही.

पाचव्या दिवशी खालच्या पेंड्यांना कोंब दिसले. आता भात वाळायची वाट बघत बसणं म्हणजे ते पुन्हा उगवायची वाट बघणं. ठमाबाई तीनला सुटली, साडेचारला शेतावर पोचली, आणि तिघांनी खळं मांडलं. खाली अंथरायला कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, वीस बाय दहाचा, मजबूत. मधोमध त्याचा हात जोडलेला हसरा चेहरा. चेहऱ्यावर आडवी फळी ठेवली. पेंडीचा बुडखा दोन्ही हातांनी धरायचा, डोक्यावरून मागे न्यायची आणि कणसं फळीवर आपटायची. दाणे भावी नगरसेवकाच्या गालांवर पडायचे. त्याचं हसणं काही कमी व्हायचं नाही.

झोडणीचं अंग वेगळं असतं. पहिल्या पन्नास पेंड्यांना खांदे बोलतात, मग कंबर बोलते, मग सगळं अंग मिळून गप्प बसतं आणि हात आपोआप चालतात. मानेवर कुसळं चिकटतात, घामात रुततात, खाजवलं की आणखी आत जातात. प्रगतीने ओढणी नाकाला बांधली होती. ठमाबाईने काही बांधलं नव्हतं, कारण तिला तोंड मोकळं हवं होतं. पेंडी वर जाताना ती म्हणायची "आय", आणि फळीवर आपटताना "वास".

शंभरेक पेंड्या झाल्यावर चांगो बांधावरून म्हणाला, "उलटा चाललाय तुजा."

"काय उलटा?"

"तो पोऱ्या काय बोलला? आयवर जोर. आन् तू ठोका देतंस वासाला. पेंडी वर नेताना कोन बोंबलतंय काय? ठोका आयला दे. आय फलीवर. मंगा काय तो वास-बीस, त्यो खाली परंल आपल्या आपन. दान्याला कोन सांगतंय काय, पर म्हनून?"

ठमाबाईने पेंडी डोक्यावर धरून क्षणभर थांबून विचार केला. चौथ्या मजल्यावरचे लोकही थांबले. मग तिने पेंडी आपटली आणि आपटतानाच म्हटलं, "आय." त्यामागून ओले दाणे घरंगळत खाली आले, जड, मुके, थप थप थप. "वास."

"आता बेस," चांगो म्हणाला. "पन फुसकी परतंय. भात वला हाय. वला भात बोलत नाय."

दुसऱ्या दिवशी कंपनीत जितेशने ऐकलं आणि हातातली फाइल खाली ठेवली. जोर बरोबर जागी होता. मधे फट नव्हती. त्याने विचारलं, मावशी, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, मालकानी. तुमचे मालक काय करतात? काय नाय, आंधले हायत. जितेशने यावरही विचार केला.

पण 'श' आला नव्हता, आणि यादीवर तिच्या नावापुढची चौकट रिकामीच होती.

कंपनीत तोवर रंगरंगोटीला ऊत आला होता. बादल्या लाल झाल्या, कठडे पिवळे झाले, झाडांच्या बुंध्यांना चुना लागला. ठमाबाई गुडघ्यांवर बसून जमिनीवरचे जुने डाग तारेच्या ब्रशने घासत होती. डागांत एकोणीस वर्षांचे सगळे रंग होते आणि ते उठत होते ते तिच्या नखांत जाऊन बसत होते. कमळाकर यादी घेऊन जाता जाता थांबला. त्याला दया आली असावी.

"कशाला जीव काढताय, ठमाबाई? हे सगळं आयवॉश असतंय."

तिने मान वर केली. तिने विचारलं, आयवॉश तर तिकडे खांबावर, इकडे कसा? तेव्हा कमळाकरने समजावलं की त्या शब्दाचा साहेब लोकांत दुसरा पण एक अर्थ आहे. म्हणजे नुसतं दाखवायचं. आत काही नाही, वरून रंग. लोकांच्या डोळ्यात धूळ फेकायची, त्याला पण ते आयवॉशच म्हणतात.

ठमाबाई पुढचा डाग घासायला लागली. एकाच शब्दाने डोळ्यातली धूळ काढायची, आणि त्याच शब्दाने डोळ्यात धूळ फेकायची. साहेबांची भाषा काटकसरीची, असं तिला वाटलं. तिने ते लक्षात ठेवलं. शाळेत न गेलेल्या माणसाला लक्षातच ठेवावं लागतं.

सातव्या दिवशी ऊन पडलं. असं तसं नव्हे, पाठ भाजणारं. दोन दिवस पेंड्या उन्हात उभ्या करून ठेवल्या. नवव्या दिवशी, शुक्रवारी, ठमाबाईने साडेचारला पहिली पेंडी उचलली तेव्हा ती हातात हलकी लागली आणि कुरकुरली. तिने ती मागे नेली आणि आणली.

"आय..."

कणसं फळीवर बसली, आणि कोरडे दाणे सुटून फळीवरून फ्लेक्सवर, हसऱ्या गालांवरून, जोडलेल्या हातांवरून घसरत गेले. श्श्श.

सगळे ऐकत राहिले. तिने दुसरी पेंडी मारली. श्श्श. तिने तिसऱ्या पेंडीला ओठ पुढे काढले आणि दाण्यांबरोबर हळूच आपलाही वारा सोडला. दाण्यांनी तिला सांभाळून घेतलं. दहाव्या पेंडीला तिचा आवाज कुठला आणि भाताचा कुठला ते प्रगतीला कळेना. विसाव्या पेंडीला ठमाबाईने आपटल्यानंतर दाणे थांबू दिले, सगळं शांत झालं, आणि मग नुसतीच, रिकाम्या हातांनी, म्हणाली:

"आयवॉश."

चांगोने बांधावर तळहात एकदा आपटला आणि मग म्हणाला, "आता परला."

प्रगती फोन घेऊन धावली. फोनने या वेळी साड्या दाखवल्या नाहीत, राज्य दाखवलं नाही. हिरवा खांब दाखवला, वाटीसकट, दोन तोट्यांसकट. ठमाबाईने तो चित्रातला खांब अंगठ्याने पुसला. फोनवर कुसळ होतं. मग तिने उरलेल्या दोनशे पेंड्या संपवल्या. दर पेंडीला एक शब्द, म्हणजे दोनशे शब्द. चौथ्या मजल्यावरून एका बाईने ओरडून विचारलं की तुम्ही कसलं भजन म्हणताय, छान वाटतंय ऐकायला.

रात्री भाकरी थापताना तिला एकदाच वाटलं की वास गेला. नऊ वर्षं त्या खांबाशी गेलं की आय आठवायची, ते आता आठवेल की नाही कुणास ठाऊक. पण डोळा महत्त्वाचा होता.

शनिवारी जितेशने तिच्या चौकटीत बरोबरची खूण केली. कमळाकरने ती यादी दोनदा बघितली.

सोमवारी साहेब आला. हॉलंडचा, साठीचा, एवढा उंच की गेटवर त्याला द्यायच्या हेल्मेटकडे सगळ्यांनी आधी काळजीने पाहिलं. त्याचं नाव वाउटर. रजिस्टरात वॉचमनने 'वॉटर' लिहिलं आणि पुढे कामाच्या रकान्यात 'तपासणी'. त्यामुळे त्या दिवशी पाण्याची तपासणी झाली, असं ते रजिस्टर आजही सांगतं.

सकाळी सगळ्यांना नवे कोरे हातमोजे मिळाले होते, तीन वाजता परत करायच्या बोलीवर. वाउटर साहेब, जितेश आणि यादीवाला कमळाकर असे तिघे फिरत फिरत हिरव्या खांबापाशी आले. तिथे ठमाबाई झाडू घेऊन उभी होती. साहेबाने खांबाकडे बोट केलं आणि विचारलं, हे काय आहे?

"आयवॉश," ठमाबाई म्हणाली.

जोर वर, उरलेलं खाली, शेवटी कोरड्या भाताचा 'श'. साहेबाच्या भुवया हेल्मेटात गेल्या. दिवसभरात त्याने एवढा स्वच्छ शब्द ऐकला नव्हता, त्यात त्याचे स्वतःचेही आले. तो इतका खूश झाला की त्याने पुढचा प्रश्न विचारायचं ठरवलं. शेजारी लाल बादल्या टांगल्या होत्या, आगीवर टाकायच्या वाळूच्या. त्याने विचारलं, आणि हे?

ठमाबाईजवळ इंग्रजी शब्द एकच होता. पण तो इथेही बसत होता. बादल्यांत खाली सिमेंट आणि वर दोन बोटं वाळू होती. सिमेंट भरलं तेव्हा सांडलेलं तिनेच पुसलं होतं.

"आयवॉश."

साहेबाला वाटलं बाईंचा गोंधळ झाला. त्याने हसून बादलीत बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापाशी अडलं. त्याने पुन्हा घातलं, पुन्हा अडलं. तो हसायचा थांबला. त्याने भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या पेटीकडे पाहिलं, मग ठमाबाईकडे. पेटीची किल्ली आधीच्या सेफ्टी ऑफिसरकडे होती आणि तो दोन वर्षांमागे दुबईला गेला होता.

"आयवॉश."

संकटकाळी बाहेर पडायचं दार. उघडलं तर पलीकडे ड्रम रचलेले. "आयवॉश." तिच्या स्वतःच्या हातातले मोजे. तिने ते काढून साहेबाच्या हातात दिले. "आयवॉश." आता साहेब हे काय असं विचारत नव्हता. तो एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारत होता की हा पण आयवॉश का. ठमाबाई न्यायाने सांगत होती. आगीच्या पाण्याच्या पाइपाला तिने मान हलवून "नाय" म्हटलं, कारण त्याला खरंच पाणी येत होतं. त्यानेच ते बागेला पाणी घालायचे.

कमळाकर यादीने वारा घेत होता. पाच वस्तू झाल्यावर साहेब वळला आणि पुन्हा हिरव्या खांबापाशी आला. "अँड धिस?"

जितेशने डोळे मिटले. त्याने खांबाला रंग दिला होता, पाटी लावली होती, शब्द चौदा जणांना पाठ करवला होता. पाणी येतं का, हे बघायचं राहून गेलं होतं.

ठमाबाईने पट्टीवर पाय दिला.

दोन धारा उसळल्या. सारख्या उंचीच्या, नितळ, आवाज न करता. नुसत्या पडून राहिलेल्या नळातून आधी गंजाचं लाल पाणी येतं, तेही आलं नाही. गेली नऊ वर्षं दर शनिवारी तीनला पाच कमी असताना, कुणी न सांगता, ती पट्टीवर पाय देऊन पाणी स्वच्छ होईपर्यंत उभी राहायची. आयच्या लोट्यात लाल पाणी नसायचं, एवढंच तिचं कारण होतं. तपासणीसाठी रंगवून ठेवलेल्या त्या सगळ्यात एकच गोष्ट आयवॉश नव्हती, आणि ती म्हणजे आयवॉश.

साहेब बघत राहिला. मग त्याने हेल्मेट काढलं, चष्मा काढला, आणि तेवढा उंच माणूस घडी घातल्यासारखा वाकून वाटीवर आला. एक तर त्याला खात्री करायची असेल, किंवा विमानातलं जागरण आणि आनंदनगरचा धूर मिळून डोळे चुरचुरत असतील. तो डोळे घट्ट मिटून पाण्यावर धरू लागला. असे कुणाचे डोळे धुतले जातात? ठमाबाईने झाडू खाली ठेवला. डाव्या हाताने त्याचं डोकं धरलं, उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्याची पापणी वर केली, आणि पाय पट्टीवर दाबून ठेवला. साहेब आधी दचकला, मग सैल पडला. तिच्या हाताला तारेच्या ब्रशाचा वास येत होता. पाणी वाहत होतं.

तोंड पुसून झाल्यावर साहेबाने वही काढली आणि जितेशकडून तिचं नाव विचारून घेतलं. मग त्याने ते तिच्याकडे बघून म्हणून पाहिलं. "थामाबे."

"ठ," ठमाबाई म्हणाली. "ठमाबाई."

"थामाबाय."

"ठ. जीभ वर टालूला लाव आन् सोर. ठ."

जितेशने भाषांतर केलं. साहेबाने जीभ टाळूला लावली, ड्रमवाले लोक थांबून त्याच्या तोंडात बघू लागले, आणि तो मनापासून म्हणाला, "टामाबाय."

ठमाबाईने त्याच्या खांद्यापर्यंत हात पोचवून थोपटलं. "सांग त्याना, अकरा दिवस लागतील."

कंपनी चार ठिकाणी नापास झाली आणि दोन ठिकाणी पास. त्यातल्या हिरव्या खांबापुढे अहवालात माणसाचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं की तीन महिन्यांनी फेरतपासणी होईल, त्या वेळी या बाई हजर असाव्यात. त्यामुळे ठमाबाईचा पास बारा तारखेलाच झाला. तो कमळाकर स्वतः आणून देऊन गेला. पासावर कामाच्या रकान्यात 'झाडलोट' खोडून कुणी तरी 'आयवॉश' लिहिलं होतं. जितेशचा खऱ्या वाळूचा आणि नव्या किल्लीचा अर्ज दोन वर्षं टेबलावर होता, तो मंजूर झाला. त्याने त्या दिवशी डबा खाताना हेल्मेट काढलं. आत केस होते.

अठरा तारखेला चांगोचा उजवा डोळा झाला. दुपारी त्याला पट्टी बांधून बाहेर आणलं आणि कॉटवर निजवलं. भात घरात येऊन पडलं होतं आणि पेंढा रचून झाला होता. ठमाबाई कॉटच्या कडेला बसून राहिली. तिला बसायची सवय नव्हती, म्हणून ती चादरीच्या सुरकुत्या काढत होती.

माया नावाची नर्स आली, पोरगेलीशी, घाईत. तिने औषधाच्या बाटल्या दाखवल्या आणि कुठली कधी घालायची ते सांगितलं. मग बोट वर करून म्हणाली, "आणि मावशी, पंधरा दिवस डोळ्याला पाण्याचा थेंब लावायचा नाही. आय... वॉऽश... बिलकुल करायचं नाही. कळलं?"

ठमाबाईने चादर सोडली. तिने पदराच्या गाठीतला पास काढला नाही, त्याची गरज नव्हती.

"बाय, तो एकच सबद हाय," ती म्हणाली. "मधी थांबू नको. थांबलीस की मी धुतंय असा होतंय, आन् तू तर नको धुवू म्हनतंस. ठोका आयला दे. वॉश खाली परतंय आपला आपन. बोल."

नर्सने इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या कॉटवरचे तीन पेशंट एकेका डोळ्याने तिच्याकडे बघत होते.

"आयवॉश," नर्स म्हणाली.

चांगोने पट्टीखालून कान दिला, आणि तळहात कॉटच्या लोखंडावर एकदा आपटला.

"आता परला."